लांबच्या पायवाटेसाठी पैशांची तयारी: सुट्ट्या पैशांपासून सुरुवात करा

सातारा ते प्रतापगड अशी कास, बामणोली, तापोळा, महाबळेश्वर करत पाच-सहा दिवसांची पायी वाट धरायची असेल, तर बूट, पाणी आणि टॉर्च यांची आठवण सगळ्यांना राहते. पैशांचा विषय मात्र ‘फोन आहे, कार्ड आहे’ एवढ्यावर संपतो. मीही तो तसाच संपवला होता. निघण्याच्या आदल्या रात्री पोवई नाक्याजवळच्या एटीएममधून ६,००० रुपये काढले, पाचशेच्या बारा नोटा आल्या, त्या पाकिटात ठेवल्या आणि निर्धास्त झोपलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठच्या एका वाडीत एका मावशींनी आम्हा तिघांना नाचणीची भाकरी, पिठले आणि ताक असे पोटभर जेवण दिले. हिशोब ३४० रुपये झाला. आम्हा तिघांकडेही पाचशेच्याच नोटा होत्या आणि फोनला रेंज नव्हती. मावशींनी फळीवरचा पितळी डबा काढून आमच्यासमोर उघडला, तर त्यात दहाच्या तीन नोटा आणि थोडी नाणी. पूर्ण पाचशे ठेवून घ्या म्हणालो, तर त्या तयार होईनात. “जास्तीचे नकोत, परत याल तेव्हा द्या,” एवढेच म्हणाल्या. ते परत जाणे चार महिन्यांनी झाले. ज्या घरात महिन्याचा बाजार मोजून होतो, त्या घराचे ३४० रुपये चार महिने माझ्याकडे राहिले. म्हणून ही यादी सुट्ट्या पैशांपासून सुरू होते, आणि पुढेही त्यांचा उल्लेख वारंवार येईल.

सुट्टे जमवायला निदान आठ दिवस आधी लागावे. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे स्वतःच्या बँकेच्या शाखेत जाऊन पैसे काढण्याची स्लिप भरणे आणि रोखपालाला शंभर, पन्नास, वीस व दहाच्या नोटा मागणे. सकाळी गर्दी नसताना गेलात तर बहुधा मिळतात. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, तेव्हा हे काम शुक्रवारच्या आत उरका. एटीएममधूनच काढायचे असतील तर ५०० च्या पटीत रक्कम न टाकता ४०० किंवा ९०० टाकावी, म्हणजे यंत्रात असतील तर लहान नोटा येतात. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना ३१ मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के एटीएममधून निदान १०० किंवा २०० च्या नोटा मिळतील अशी व्यवस्था करायला सांगितले, त्यामुळे ही सोय वाढलेली आहे. पण दहा-वीसच्या नोटा त्यातून मिळत नाहीत आणि वाटेवर खरी गरज त्यांचीच असते. त्या भाजी मंडईत किंवा ओळखीच्या किराणा दुकानात मागाव्यात. दहाची नाणी मी नेत नाही. त्यांचे चौदाही प्रकार कायदेशीर चलन आहेत असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा स्पष्ट केले, तरी काही ठिकाणी ती घ्यायला लोक का-कू करतात, आणि चहा पाजणाऱ्या माणसाशी त्यावरून वाद घालणे बरे दिसत नाही.

माणशी ५,००० रुपये नेणार असाल तर माझी वाटणी अशी असते: शंभरच्या २५, पन्नासच्या २०, विसाच्या ३०, दहाच्या ४० आणि पाचशेची एकच नोट. पुडके जाड होते, हे मान्य आहे. तरी तसेच न्यावे. फाटक्या किंवा चिकटपट्टी लावलेल्या नोटा आधीच बाजूला काढा, कारण तुमच्याकडून नाईलाजाने घेतलेली फाटकी नोट त्या दुकानदाराला पुढे खपवावी लागते.

वासोटा किल्ल्याकडे वळणार असाल तर तो खर्च वेगळा काढून ठेवा. वासोटा कोयना अभयारण्यात, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो; त्यामुळे बामणोलीहून बोटीचे भाडे आणि वन विभागाचे शुल्क असे दोन खर्च एकाच सकाळी समोर येतात. भाडे पूर्ण बोटीचे ठरत असल्याने माणसे कमी असली तर प्रत्येकाचा वाटा वाढतो. ही रक्कम रोख आणि मोजून वेगळ्या पाकिटात असावी, म्हणजे तिच्यासाठी बाकीचे सुट्टे मोडावे लागत नाहीत.

पैसे ठेवण्याच्या जागा तीन. दिवसाचे चारशे-पाचशे रुपये, सगळे सुट्टे, समोरच्या खिशात. कारण चहाच्या टपरीवर कमरेचा कसा (पैशांची पिशवी) सोडून सगळे पुडके लोकांसमोर मोजत बसणे धोक्याचे आहे आणि अशोभनीयही. मुख्य रक्कम शर्टाच्या आत गळ्यात किंवा कमरेला, चेन असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. ही पिशवी पावसाळ्यापुरतीच लागते असे समजू नका: यवतेश्वरचा घाट भर उन्हात चढताना घामाने नोटा इतक्या भिजतात की एकमेकींना चिकटतात. तिसरी जागा सॅकच्या तळाशी, औषधांच्या डब्यात, पाचशेची ती एक नोट आणि घडी घातलेला एक कागद. त्यावर घरचे दोन फोन क्रमांक, बँकेचा कार्ड बंद करण्याचा क्रमांक आणि सायबर फसवणुकीसाठीचा १९३०. फोन हरवल्यावर फोनमध्ये साठवलेले क्रमांक कामाचे नसतात. मात्र कार्डाचा पिन या कागदावर कधीही लिहू नये.

कार्डाबाबत एक गोष्ट जरूर करा: निघण्यापूर्वी ते एकदा एटीएममध्ये वापरून पाहा. दिवसचे दिवस फोननेच पैसे दिल्याने अनेकांना पिन आठवत नाही, आणि लागोपाठ तीनदा चुकला की कार्ड बहुधा दुसऱ्या दिवसापर्यंत बंद पडते. वाटेत महाबळेश्वरसारख्या मोठ्या गावीच एटीएमचा भरवसा धरा. बामणोली-तापोळा भागात तो धरू नका.

यूपीआय सोबत असू द्या, पण त्यावर विसंबू नका. निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी फोन किंवा सिम बदलू नये, कारण नव्याने नोंदणी केल्यावर पहिल्या २४ तासांत साधारण ५,००० रुपयांपर्यंतच व्यवहार होतात. इंटरनेट नसताना स्टार ९९ हॅश डायल करून ५,००० रुपयांपर्यंत पाठवता येतात, ते घरीच एकदा करून पाहा. मात्र त्यालाही मोबाइलची रेंज लागते, आणि पैसे आल्याचा संदेश समोरच्या माणसालाही मिळावा लागतो. खोऱ्यात दोघांपैकी एकाचीही रेंज गेली की देणाऱ्याच्या शब्दावर घेणाऱ्याने विश्वास ठेवायचा, अशी वेळ येते. ती आपण त्याच्यावर आणू नये. तिथे सुट्टेच हवेत.

गटाने जात असाल तर सामायिक खर्चाचा हिशोब एकाने ठेवावा. पैसे मात्र एकाकडेच नसावेत, आणि सुट्टे तर प्रत्येकाकडे असावेतच. आम्हा तिघांपैकी प्रत्येकाला वाटले होते की ते दुसऱ्याकडे असतील. निघण्याच्या सकाळी सगळ्यांनी पाकिटे उघडून एकमेकांना दाखवावीत; त्यात संकोच कसला?

रात्री देवळात किंवा शाळेच्या ओसरीवर मुक्काम असेल तर कमरेचा कसा झोपण्याच्या पिशवीत आत घ्या. पॉवर बँक भरलेली असू द्या. ओळखपत्राची एक प्रत वेगळी ठेवा. महाबळेश्वरला पोहोचलात की उरलेल्या पैशांची मोजणी करा आणि मोठी खरेदी असेल तर पाचशेची नोट तिथेच मोडून घ्या, कारण प्रतापगडाकडच्या उताराला पुन्हा तीच अडचण आहे. परतीच्या एसटीचे भाडे पहिल्या दिवशीच वेगळे बांधून ठेवा, तेही सुट्टे.