संवेग समजून घ्यायचाय? आधी वस्तू थांबवून बघा

संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, हे शाळेपासून पाठ असतं. पण वेगानेच का गुणायचं, वेगाच्या वर्गाने का नाही, असं विचारलं की उत्तर सुचत नाही. प्रश्न अगदी रास्त आहे. सतराव्या शतकात युरोपातले विद्वान यावरून भांडले. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या मते गतीचं माप म्हणजे द्रव्य आणि चाल यांचा गुणाकार. जर्मन गणितज्ञ लायब्निझने १६८६ साली ठामपणे मांडलं की चालीचा वर्ग घ्यायला हवा. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या होत्या, आणि त्या वेगळ्या काढता आल्या की संवेग कळतो.

पायरी १. सूत्र बाजूला ठेवा, एक प्रश्न विचारा

समोरून येणारी वस्तू ठरावीक बलाने अडवायची आहे. किती वेळ जोर लावावा लागेल? या प्रश्नाचं उत्तर संवेग देतो. बल गुणिले वेळ म्हणजे संवेगातला बदल. न्यूटन हे बलाचं एकक, म्हणूनच संवेगाचं एकक न्यूटन-सेकंद असंही लिहितात, आणि मला तेच जास्त आवडतं, कारण त्या एककातच अर्थ आहे.

पायरी २. कागद-पेन्सिल घेऊन दोन वस्तूंची तुलना करा

ही पायरी घाईत उरकू नका. क्रिकेटचा चेंडू साधारण १६० ग्रॅमचा असतो. वेगवान गोलंदाजाने तो ताशी १४० किलोमीटरने टाकला, म्हणजे सेकंदाला सुमारे ३९ मीटर. संवेग ०.१६ × ३९, म्हणजे ६.२४ न्यूटन-सेकंद. आता ८ ग्रॅमची बंदुकीची गोळी सेकंदाला ७८० मीटरने जात आहे असं धरा. ०.००८ × ७८० केलं तरी ६.२४च!

दोन्हींना १० न्यूटन बलाने अडवा. एक किलोची पिशवी हातात धरताना जेवढा जोर लागतो, जवळपास तेवढंच हे बल. दोन्ही वस्तू ०.६२४ सेकंदात थांबतील. वेळ अगदी सारखा. पण तेवढ्या वेळात चेंडू सुमारे १२ मीटर पुढे जाईल आणि गोळी सुमारे २४३ मीटर. किती वेळ अडवावं लागेल ते संवेग सांगतो, किती अंतरभर अडवावं लागेल ते गतिज ऊर्जा (गतीमुळे वस्तूत असलेली ऊर्जा) सांगते, आणि वेगाचा वर्ग येतो तो या ऊर्जेत. गोळी शरीर भेदून जाते आणि चेंडू हातात झेलता येतो, याचं मोठं कारण इथे आहे. गोळीची ऊर्जा चेंडूच्या वीसपट आहे.

पायरी ३. वेळ वाढवून बघा

तोच चेंडू हात ताठ ठेवून ०.०१ सेकंदात थांबवला तर हातावर सरासरी ६२४ न्यूटन बल येतं. हात मागे घेत ०.१ सेकंदात थांबवला तर फक्त ६२. संवेग तेवढाच संपवायचा आहे, फक्त तो सावकाश संपवला. गाडीतल्या एअरबॅगचं कामही हेच.

पायरी ४. दिशा विसरू नका

देकार्तचं इथेच चुकलं, त्याने दिशा धरली नाही. येणाऱ्या चेंडूचा संवेग अधिक ६.२४ धरा. फलंदाजाने तो तेवढ्याच वेगाने सरळ परत मारला तर संवेग उणे ६.२४ झाला. म्हणजे बदल १२.४८, नुसता अडवण्याच्या दुप्पट.

पायरी ५. कॅरम बोर्ड मांडा

पावडर टाका. आधी एका सोंगटीने दुसरी सोंगटी अगदी समोरासमोर मारा. पहिली जवळपास जागीच थांबते, दुसरी निघते. मग स्ट्रायकरने मारा. सोंगटी उडते, पण स्ट्रायकरही पुढे सरकत राहतो.

गणित करून बघण्यासारखं आहे. स्ट्रायकर १५ ग्रॅमचा, सोंगटी ५ ग्रॅमची आणि टकरीत ऊर्जा वाया गेली नाही असं धरलं, तर स्ट्रायकरचा वेग निम्मा होतो आणि सोंगटीला स्ट्रायकरच्या मूळ वेगाच्या दीडपट वेग मिळतो. संवेग दोघांत निम्मा-निम्मा वाटला गेला. ऊर्जा मात्र तीन चतुर्थांश सोंगटीकडे गेली! प्रत्यक्ष बोर्डावर थोडी ऊर्जा आवाजात आणि उष्णतेत जाते, तरी टकरीच्या त्या क्षणी दोघांचा मिळून संवेग बदलत नाही. कारण सोपं आहे. स्ट्रायकरने सोंगटीला जितका वेळ ढकललं, तितकाच वेळ सोंगटीने स्ट्रायकरला तितक्याच बलाने उलटं ढकललं.

मग सोंगटी घसरत थांबते तेव्हा तिचा संवेग कुठे जातो? घर्षणातून बोर्डाकडे, तिथून टेबल, जमीन आणि पृथ्वीकडे. पृथ्वीचं वस्तुमान इतकं प्रचंड आहे की तिच्या वेगात पडणारा फरक मोजणं अशक्य.

पायरी ६. सूत्राची मर्यादा ओळखा

प्रकाशाला वस्तुमान नाही, तरी संवेग आहे. जपानने २०१० साली सोडलेल्या इकारोस या अवकाशयानाच्या पातळ, पसरट शिडावर सूर्यप्रकाश आदळत राहिला आणि त्या रेट्याने यानाचा वेग बदलला. इथे वस्तुमान गुणिले वेग चालणार नाही, पण पहिल्या पायरीवरचा प्रश्न चालतो: बल किती आणि ते किती वेळ लागलं?