दिवाणखान्यातल्या शांत संगणकासाठी मदरबोर्ड निवडताना

टीव्हीखालच्या कपाटात बसणारा, चित्रपट आणि गाणी लावणारा, पण स्वतःचा आवाज जाणवू न देणारा संगणक जुळवायचा झाला की बहुतेक जण आधी देखणे कॅबिनेट पसंत करतात आणि मग त्यात मावेल तो मदरबोर्ड, म्हणजे संगणकाचे सगळे भाग जिच्यावर जोडले जातात ती मुख्य पाटी, शोधतात. नागपुरात हा क्रम उलटा ठेवावा, कारण आवाज पंख्याचा असतो, पंखा उष्णतेमुळे फिरतो आणि ती उष्णता किती असेल हे बऱ्याच अंशी बोर्ड घेतानाच ठरून जाते. चित्रपट चालू असताना प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा ३५ अंशांनी अधिक तापतो असे धरले, तर जानेवारीच्या २० अंशांच्या संध्याकाळी तो ५५ अंशांवर राहील, पण मे महिन्यात वीज गेल्यावर ४० अंशांपर्यंत तापलेल्या खोलीत तोच प्रोसेसर ७५ अंशांवर जाईल. हिवाळ्यात निःशब्द वाटलेली जुळणी नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, घोंघावू लागते ती यामुळेच. खिडकीतला कूलर सुरू असताना संगणकाचा आवाज कोणाला ऐकू येणार, हा प्रश्न रास्त आहे. परंतु कूलर वर्षातले तीन-चार महिने चालतो आणि संगणक बारा महिने.

आकाराचा प्रश्न लवकर सुटतो. बोर्डांच्या प्रमाणित आकारांपैकी मिनी-आयटीएक्स बोर्ड १७ सेंटिमीटर लांब-रुंद असतो, तर मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४.४ सेंटिमीटरचा. लहान बोर्डाला त्याच सोयींसाठी सहसा अधिक पैसे मोजावे लागतात, म्हणून कपाटात जागा असेल तर मायक्रो-एटीएक्स घेण्यात कमीपणा नाही.

खरा निर्णय प्रोसेसरचा आहे. केवळ चित्रपट, यूट्यूब आणि गाणी एवढेच काम असेल, तर ज्यावर प्रोसेसर कारखान्यातच बसवलेला असतो असा इंटेल एन१००चा बोर्ड मला सर्वांत समंजस पर्याय वाटतो. २०२३ साली आलेल्या या चार कोअरच्या प्रोसेसरची नोंदलेली ऊर्जामर्यादा अवघी ६ वॅट आहे, आणि चित्रण दाबून साठवण्याच्या एचईव्हीसी या पद्धतीबरोबरच एव्ही१ या पद्धतीचे चित्रणही तो हार्डवेअरवर, म्हणजे त्यासाठीच असलेल्या खास भागात, उलगडतो. असे काही बोर्ड पंख्याशिवाय, केवळ ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर (उष्णता शोषून हवेत सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर) चालतात, आणि त्यांतल्या काहींना लॅपटॉपसारखा १९ व्होल्टचा अडॅप्टर जोडता येत असल्याने एसएमपीएस (संगणकातला वीजपुरवठ्याचा डबा) आणि त्याचा पंखा दोन्ही वगळता येतात. मात्र पंखा नाही म्हणजे उष्णता नाही असे नव्हे. बंद कपाटात हीटसिंकभोवतीची हवा कोंडते, त्यामुळे कपाटाची मागची फळी कापून घ्यावी.

खेळही खेळायचे असतील, तर सॉकेटचा, म्हणजे प्रोसेसर वेगळा घेऊन बसवता येईल असा, बोर्ड घ्यावा, पण प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स असल्याची खात्री करून घ्यावी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असते त्यांत ते नसते, आणि मग बोर्डावरचा एचडीएमआय पोर्ट निरुपयोगी ठरतो. एएमडीचा रायझन ५ ५६००जी अजूनही बरेच जण सुचवतात. तो चांगलाच आहे, पण एव्ही१ हार्डवेअरवर उलगडत नाही, त्यामुळे ते ओझे प्रोसेसरच्या मुख्य कोअरवर पडते, उष्णता वाढते आणि पंखा जागा होतो.

एचडीएमआयच्या बाबतीत दुकानदाराच्या ‘फोर-के चालते’ या उत्तरावर समाधान मानू नये. एचडीएमआय १.४वरही फोर-के दिसते, पण सेकंदाला ३० चौकटींपर्यंतच. ६० चौकटींसाठी किमान २.० हवे. एकाच चिपसेटच्या (बोर्डावरच्या नियंत्रक चिपच्या) स्वस्त आणि महाग बोर्डांत हा फरक आढळतो, म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावर नेमक्या मॉडेलचे तपशीलपत्रक उघडून तेथे ‘६० हर्ट्झ’ लिहिलेले स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) खरेदीला जाण्यापूर्वीच हे करून ठेवले, तर समोर ठेवलेला ‘तसलाच’ दुसरा बोर्ड नाकारणे सोपे जाते. टीव्हीच्याच रिमोटने संगणक चालेल, अशी अपेक्षाही सहसा फोल ठरते, कारण त्यासाठी लागणारी सीईसी ही एचडीएमआय तारेतून हुकूम पाठवण्याची सोय बहुतेक मदरबोर्डांच्या एचडीएमआयवर नसते.

पंख्यांसाठी बोर्डावर चार पिनांची किमान दोन हेडर (पंख्याची तार जोडण्याच्या जागा) असावीत, एक प्रोसेसरच्या पंख्यासाठी आणि एक कॅबिनेटच्या. चौथ्या पिनेवरून वेगाचा संकेत जातो, त्यामुळे पंखा अगदी मंद फिरवता येतो. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या, बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये) तापमानानुसार वेग आखण्याची सोय आहे का आणि ठरावीक तापमानाखाली पंखा पूर्ण थांबवता येतो का, हे पुस्तिकेत तपासावे. सगळेच बोर्ड ती मुभा देत नाहीत. मिनी-आयटीएक्सवर एसएसडी (साठवणीची चिप-पट्टी) बसवण्याचा दुसरा एम.२ स्लॉट अनेकदा बोर्डाच्या पाठीमागे असतो, जेथे वारा पोहोचत नाही, म्हणून तेथे वेगवान आणि तापणारी एसएसडी बसवू नये.

बाकीचे थोडक्यात. फोर-के ब्लू-रेचा प्रवाह सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो, तेव्हा साधा १ गिगाबिटचा लॅन पोर्ट पुरेसा आहे. वायफाय हवे असेल तर मागे अँटेना जोडण्याची सोय असलेलाच बोर्ड घ्यावा, कारण लोखंडी कॅबिनेटच्या आत अँटेना कामाची राहत नाही.

जुळणी झाल्यावर बायोसमध्ये वीज परत येताच संगणक आपोआप सुरू होण्याचा पर्याय आपल्या सोयीप्रमाणे ठेवावा. वळवाच्या वादळात वीज तासाभरात चारदा ये-जा करते, अशा वेळी तो पर्याय बंद असलेलाच बरा. पंख्याच्या वेगाची आखणी मात्र एप्रिलअखेर, दुपारी तीन वाजता, कूलर बंद ठेवून आणि तासभर चित्रपट चालवून करावी.