छोट्या पार्ट्सचं ब्लास्टिंग: पेटी नंतर बघा, आधी हवा बघा

परवा एक पोरगं आलं दुकानात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे, जुन्या गाड्यांचे पार्ट आणि पंपांचे सुटे भाग ब्लास्टिंगनं, म्हणजे हवेच्या जोरानं बारीक दाणे मारून, साफ करून देतो, तर हे पोरगं मोबाईलवर ब्लास्टिंग कॅबिनेटचा फोटो दाखवत म्हणालं, मामा ही पेटी घेऊ का, आत लाईट आहे, हातमोजे आहेत, पायाचं पेडल आहे, लय भारी दिसतीया. म्हटलं कॉम्प्रेसर कुठला आहे? तर म्हणे आहे की, पंक्चरवाल्याकडनं घेतलेला दोन एचपीचा. म्हटलं मग बस, चहा घे, पेटीचं नंतर बोलू.

कारण सगळे इथंच फसतात. पेटी म्हणजे काय, पत्र्याचा डबा, काच, दोन भोकं. ती दहा ठिकाणी मिळते नाहीतर वेल्डिंगवाला चार दिवसांत बनवून देतो. काम करते ती हवा, आणि हवेचा हिशोब एचपीत नाही तर सीएफएममध्ये करायचा, म्हणजे मिनिटाला किती घनफूट. साधारण अंदाज धरा की ८० पीएसआयला (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) ३ मिलिमीटरच्या भोकातनं १५ ते १७ सीएफएम हवा जाते. भोक ६ मिलिमीटरचं केलं तर दुप्पट नाही, चौपट लागते, ६० च्या वर. आता पाच एचपीच्या पिस्टन कॉम्प्रेसरच्या पाटीवर १८-२० लिहिलेलं असतं पण ते पिस्टनचं माप झालं, हातात येणारी हवा त्यापेक्षा पाव हिस्सा तरी कमी, १४-१५ च्या आसपास. दोन एचपीचा म्हणाल तर प्रत्यक्षात पाच मिळाली तरी खूप. त्यात परत पिस्टनवाल्याला मधे मधे दम खाऊ द्यावा लागतो, सलग चालवला तर हेड तापतं, तेल हवेत यायला लागतं आणि मग ते तेल तुमच्या पार्टवर.

मग दोन एचपीवर होतच नाही का? होतं, पण गनमधला जेट, म्हणजे हवा सोडणारं भोक, बारीक लावायचा, दीड मिलिमीटरच्या आसपासचा, आणि एक एक नट-बोल्ट, लिव्हर, छोटे ब्रॅकेट असं सावकाश करायचं. थोडा वेळ काम, मग थांबा, कॉम्प्रेसरला दम खाऊ द्या. शौकासाठी ठीक आहे, धंद्यासाठी नाही. धंदा करायचा तर पाच एचपीच्या खाली बघू नका, आणि त्याला थ्री फेज लागणार, ते मीटरचं आधी बघा, नाहीतर मशीन येऊन पडतं आणि कनेक्शनची वाट बघत बसावं लागतं (आमचं तसंच झालं होतं, दीड महिना).

अजून एक, नवं काही घ्यायच्या आधी विचारा स्वतःला की जॉब किती आणि कसले. एकाच मापाची दोनशे कास्टिंग, म्हणजे ओतीव पार्ट, असतील तर पेटी घेऊच नका, शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला शॉट ब्लास्टिंगचं जॉबवर्क करणारे आहेत त्यांना द्या. त्या मशीनला हवाच लागत नाही, फिरणारं चाक स्टीलचे शॉट, म्हणजे बारीक गोळ्या, फेकतं, आणि शेकड्यांनी माल निघतो. फक्त पातळ पार्ट, आटे असलेले पार्ट, मशीनिंग झालेले पार्ट तिथं देऊ नका, आत एकमेकांवर आपटून त्यांची वाट लागते. पेटी खरी उपयोगी पडते ती असल्या नाजूक आणि एकेकट्या जॉबला.

बरं, पेटीत दोन प्रकार. सक्शन म्हणजे गनमधनं हवा जाताना खालच्या हॉपरमधनं (नरसाळ्यासारखा तळ) पाईपनं मीडिया, म्हणजे मारायचे दाणे, ओढून घेते. प्रेशर म्हणजे मीडिया टाकीत भरून टाकीलाच प्रेशर देतात. प्रेशरवालं तिपटी-चौपटीनं काम उरकतं पण हवा जास्त खातं आणि टाकी संपली की परत भरा. छोट्या पार्टला सक्शन बास झालं. सक्शन गनमध्ये आत एक बारीक एअर जेट असतो आणि पुढं सिरॅमिकचा नोझल, नोझलचं भोक जेटच्या साधारण दुप्पट पाहिजे. लोक गन हाणत नाही म्हणून जेट मोठा घालतात आणि नोझल तोच ठेवतात, मग मीडिया ओढलाच जात नाही, नुसतं फुसफुस.

नोझल झिजतो हे लक्षात ठेवा. आमच्याकडं गनशेजारी खिळ्याला ड्रिल बिटं टांगलेली आहेत, नोझल ६ चा असला तर सोमवारी ७ च्या बिटाचा दांडा घालून बघायचा, गेला आत की नोझल बाद. सक्शनमध्ये झिजलेल्या नोझलनं फवारा फाकतो आणि ओढ कमी होते. प्रेशरवाल्यात तर थेट हवेचाच खर्च वाढतो, ३ चं भोक ४ चं झालं की पाऊणपटीनं जास्त हवा, आणि माणूस म्हणतो कॉम्प्रेसर म्हातारा झाला. सिरॅमिक स्वस्त पण लवकर जातो, टंगस्टन कार्बाईड टिकतो, बोरॉन कार्बाईड अजून टिकतो. रोज काम असेल तर कार्बाईडच घ्या.

आणि हवेचं प्रेशर कॉम्प्रेसरच्या टाकीवरच्या मीटरवर बघू नका, गनजवळ गेज लावा आणि पेडल दाबलेलं असताना बघा. टाकीवर १०० आणि गनला ५० असं मी कितीतरी ठिकाणी बघितलंय, कारण मधे ८ मिलिमीटरचा निळा पाईप आणि तीन कपलर. अर्धा इंची होज टाका, मेहनत निम्मी होते.

आता आत काय घालायचं. पहिली गोष्ट, वाळू नाही. नदीची नाही आणि फाउंड्रीची तर अजिबात नाही. आपल्याकडं हा मोह मोठा आहे कारण सिलिका सँड कुठल्याही फाउंड्रीच्या मागं मिळते, आणि नावातच सँड ब्लास्टिंग आहे म्हटल्यावर माणसाला वाटतं वाळूच घालायची. ते नाव १८७० चं, अमेरिकेत टिलमन नावाच्या माणसानं पेटंट घेतलं तेव्हाचं. वाळूचा दाणा आपटून फुटला की त्याची जी धूळ होते ती डोळ्याला दिसत पण नाही आणि फुप्फुसात जाऊन बसते ती बसतेच. सिलिकोसिस. त्यावर औषध नाही. ब्रिटननं १९४९ च्या नियमांनी कास्टिंगला वाळूनं ब्लास्ट करणं बंद केलं आणि आपल्याकडं १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टपासून सिलिकोसिस हा सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत आहे. पेटी बंद असते म्हणून चालतंय असं म्हणणाऱ्याला एकदा दार उघडताना उन्हाच्या तिरिपेत बघायला सांगा काय उडतं ते.

मग घाला काय, तर लोखंडी गंजलेल्या पार्टला ब्राऊन ॲल्युमिनियम ऑक्साईड, ८० मेश (मेश म्हणजे दाण्याचं माप, आकडा लहान तेवढा दाणा जाड), ७०-८० पीएसआय. गंज, जुना रंग सगळं जातं आणि पृष्ठभाग खरखरीत होतो, प्रायमर धरतो चांगला. जाड गंज असेल तर ६० मेश. ॲल्युमिनियमला, पितळेला, जिथं नुसती चमक काढायची आहे तिथं ग्लास बीड, म्हणजे काचेचे बारीक मणी, ४०-५० पीएसआय, त्याच्या वर गेलात तर बीड फुटतात आणि काचेचा चुरा होऊन पार्टला ओरखडे येतात. स्टीलचा ग्रिट (धारदार दाणा) किंवा शॉट ॲल्युमिनियमवर, स्टेनलेसवर मारू नका, लोखंडाचे कण रुतून बसतात आणि महिन्यानं स्टेनलेसला गंज आल्यासारखे ठिपके दिसतात, मग गिऱ्हाईक भांडायला येतं. एकच मीडिया सगळ्याला वापरू नका, झाकणाचे वेगवेगळे डबे करा. ॲल्युमिनियमची धूळ आणि लोखंडाची धूळ तर डस्ट कलेक्टरमध्ये, म्हणजे धूळ ओढून गोळा करणाऱ्या यंत्रात, एकत्र साठू द्यायचीच नाही, ठिणगी पडली तर आग लागते, हे चेष्टेत घेऊ नका.

काम करायची पद्धत आता. पार्ट आधी तेल-ग्रीसमुक्त पाहिजे, नाहीतर मीडिया चिकट होऊन अख्खा डबा वाया. लोखंडाला कॉस्टिकचं गरम पाणी चालतं पण ॲल्युमिनियमला कॉस्टिक लावू नका, धातूच खातं ते. धुऊन पूर्ण वाळवा. मग झाकाझाकी: आट्यात जुने बोल्ट घाला, बेअरिंगच्या बोअरला रबरी बूच, गॅस्केटच्या फेसला जाड टेप दोन थर. बेअरिंग बसलेलं असेल तर काढल्याशिवाय पेटीत घालूच नका, सील असलं तरी. गन चार ते सहा इंचांवर, ४५ ते ६० अंशात तिरकी धरा आणि हलवत राहा, सरळ नव्वद अंशात हाणलं तर दाणे परत गनच्या तोंडाकडं उडून येतात आणि काच धुरकट होते. काचेवर आतून फिल्म लावा, दर महिन्याला फिल्म बदला, काच नाही.

इंजिनचे पार्ट असतील तर हात जोडून सांगतो. माझ्याकडं एक जुन्या मोटारसायकलचं क्रँककेसचं कव्हर आलं होतं, ग्लास बीडनं असं पांढरंशुभ्र केलं की मीच बघत बसलो, हवा मारली, धुतलं, दिलं. आठ दिवसांत इंजिन परत उघडलं, ऑइलच्या बारीक वाटेत बीड राहिलेले. सगळा खर्च मी दिला. तेव्हापासून ऑइलच्या वाटा असलेला पार्ट बीडनं करायचा नाही, कार्ब्युरेटर तर नाहीच. तिथं सोडा ब्लास्टिंग, खाण्याच्या सोड्याच्याच जातीचा, फक्त दाणा जाड असतो, तो गरम पाण्यात विरघळून जातो. गंज मात्र सोड्यानं जात नाही, नुसती घाण आणि रंग जातो.

आता आपल्याकडची खरी पीडा. पाऊस. जुलैत हवा इतकी ओली असते की पाच एचपीच्या कॉम्प्रेसरमधनं तासाला अर्धा लिटरच्या आसपास पाणी निघतं, हिशोबानं पण तेवढंच येतं आणि आम्ही बाटली लावून मोजलंय पण. हवा दाबली, गार झाली की तिच्यातलं पाणी सुटणारच. ते गनपर्यंत गेलं की मीडियाचे पावसाळ्यातल्या मिठासारखे गोळे होतात, गन धाप लागल्यासारखी थांबून थांबून मारते. लोक मॉइश्चर सेपरेटर कॉम्प्रेसरला चिकटून लावतात, तिथं हवा गरम असते, पाणी वाफेतच असतं, सेपरेटर काय काढणार कप्पाळ. कॉम्प्रेसरपासून वीस-पंचवीस फूट लोखंडी पाईप भिंतीवर उतार देऊन फिरवा, खाली ड्रेन कॉक, हवा गार झाली की मग पेटीच्या अलीकडं सेपरेटर. टाकीचा कॉक पावसाळ्यात दर तासाला उघडायचा. रोज आठ तास काम असेल तर रेफ्रिजरेटेड ड्रायर, म्हणजे हवा गार करून पाणी काढणारं मशीन, घ्याच. २०१९ च्या पुरानंतर बुडालेल्या पंपांचे पार्ट ढिगानं आले होते तेव्हा आमच्याकडं ड्रायर नव्हता, मीडिया पत्र्यावर पसरून खाली शेगडी लावून वाळवायचो, चार किलो वाळेपर्यंत आठ किलो ओला.

पेटी बघायला गेलात तर तीन गोष्टी बघा, बाकी सोडा. दाराचं रबर सगळीकडनं बसतंय का, आतला लाईट लावून बाहेर अंधार करून बघा, उजेड दिसला तिथनं धूळ येणार. डस्ट कलेक्टर आहे का, नुसता बाहेर काढलेला पाईप नको. आणि गनला अर्थिंगची वायर आहे का, नाहीतर कोरड्या दिवसांत हाताला झटके बसतात. पेटी बंद असली तरी मास्क लावा, रुमाल नाही, मीडिया भरताना तर नक्कीच.

ब्लास्ट झालेलं लोखंड उघड्या हातानं धरू नका, बोटांचे ठसे दुसऱ्या दिवशी गंजून उमटतात. आणि ते ठेवून घरी जाऊ नका, पावसाळ्यात संध्याकाळी राखाडी दिसणारा पार्ट सकाळी पिवळा झालेला असतो. आमचा नियम आहे, पेटीतनं काढलं की कोरडी हवा मारायची आणि जेवायला जायच्या आधी प्रायमर. ते पोरगं सध्या शनिवारी आमच्याच पेटीवर येतं, त्याच्या गाडीचे ब्रॅकेट झाले, आता चाक धरणारा चिमटा राहिलाय.