घर घेण्यापूर्वी रेडॉन कसा तपासावा: बंद घराचे ४८ तास

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडीकडे घर घेताना आपण उतारा पाहतो, कर्जाचा बोजा तपासतो, बोअरला उन्हाळ्यात पाणी असते का ते शेजाऱ्यांना विचारतो आणि भिंतीची ओल हाताने चाचपतो. जमिनीतून घरात शिरणाऱ्या रेडॉनची चौकशी मात्र सहसा कोणी करत नाही. विक्रेत्याकडे तसा दाखला मागण्याची रीत आपल्याकडे नाही, म्हणून ही तपासणी घेणाऱ्यालाच करावी लागते. तिच्यातला एकच टप्पा अवघड आहे, आणि लोक नेमका तोच घाईने उरकतात.

दगड-मातीत थोडेफार युरेनियम सगळीकडेच असते. त्याच्या विघटनातून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन हा किरणोत्सारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्याचे अर्धायुष्य (त्यातला निम्मा वायू विघटित व्हायला लागणारा काळ) सुमारे ३.८ दिवसांचे असल्यामुळे जमिनीतून निघून घरात साठायला त्याला पुरेसा अवधी मिळतो. तो वर्षानुवर्षे श्वासावाटे जात राहिला तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्याला तर हा धोका कितीतरी पटींनी अधिक असतो. जागतिक आरोग्य संघटनेने घरातील हवेसाठी १०० बेकरेल (किरणोत्साराचे एकक) प्रति घनमीटर ही संदर्भ पातळी सुचवली आहे. जिथे ती गाठणे शक्य नाही तिथेही ३०० च्या वर जाऊ नये, असे ती सांगते. हे दोन आकडे लक्षात ठेवले तरी पुरेसे आहे.

आता एका लाडक्या गैरसमजाबद्दल. ‘आपल्याकडे सगळा काळा दगड, इथे कसला रेडॉन?’ असे जाणती माणसेही बोलतात. जिल्ह्याच्या उत्तर-पश्चिम भागात दख्खनचा बेसाल्ट आहे आणि त्यात युरेनियम कमी असते, हे खरे. पण गोकाकच्या धबधब्यावर उघडा पडलेला दगड बेसाल्ट नाही, तो कलादगी खोऱ्यातला, म्हणजे प्राचीन गाळाच्या खडकांच्या पट्ट्यातला, वालुकाश्म-क्वार्टझाइट आहे; याच खोऱ्यात बैलहोंगलकडच्या देशनूर भागात युरेनियमचे खनिज आढळले आहे. म्हणून गोकाककडचे प्रत्येक घर धोक्याचे आणि बेळगाव शहरातले प्रत्येक घर निर्धोक असे ठरत नाही. जोत्यात कुठला मुरूम भरला आहे, फरशीला किती भेगा आहेत आणि घरात हवा किती खेळते यावर आकडा ठरतो, आणि त्यामुळे एकाच गल्लीतल्या दोन घरांत मोठा फरक पडू शकतो. भूगर्भ नुसता संशय सांगतो, निकाल मोजणीचाच.

घर पाहायला जाल तेव्हा तळमजल्याच्या जमिनीवर लक्ष ठेवावे. शहाबादी फरशीचे उघडे सांधे, भिंत आणि जमीन यांच्यामधली फट, नळ आणि ड्रेनेजचे पाइप जिथून वर येतात त्या जागा, मातीची जमीन असलेली मागची खोली, अर्धवट जमिनीखालचे गोदाम, या वायूच्या वाटा आहेत. शहापूर-वडगावात विणकरांची जुनी घरे घेणाऱ्यांनी आणखी एक प्रश्न न चुकता विचारावा: इथे हातमागाचा खड्डा होता का, आणि तो कशाने भरला? विणकर पाय सोडून बसायचा तो खड्डा बऱ्याचदा राडारोडा टाकून बुजवलेला असतो आणि वर फक्त फरशी बसवलेली असते. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट असेल तर जमिनीतून येणाऱ्या वायूची चिंता फारशी नको. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्याला दोष देणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावे.

मोजणीसाठी तासागणिक नोंद ठेवणारा डिजिटल मीटर घ्यावा किंवा भाड्याने आणावा. किरणांच्या खुणा फिल्मवर टिपणारे छोटे शोधक अधिक भरवशाचे असतात, पण ते साधारण तीन महिने टांगून ठेवावे लागतात आणि तेवढा वेळ कोणताही विक्रेता थांबत नाही. मीटर पिकोक्युरी प्रति लिटरमध्ये आकडा देत असेल तर त्याला ३७ ने गुणावे, म्हणजे तो बेकरेल प्रति घनमीटरमध्ये मिळतो. मीटर तळमजल्यावरच्या झोपायच्या खोलीत, जमिनीपासून किमान दीड-दोन फूट उंच, खिडकीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावा. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर वर्ज्य.

आता खरे काम. मोजणी सुरू करण्याच्या १२ तास आधीपासून ती संपेपर्यंत घर बंद ठेवायचे असते. घरात किती वायू साठतो हे पाहायचे असेल तर तो साठू द्यायला हवा, एवढे साधे कारण त्यामागे आहे. पण दारे सताड उघडी ठेवून जगणाऱ्या आपल्या माणसांना ते पटवणे महाकठीण आहे. मी स्वतः यात फसलो. वडगावातले घर घेताना मी एप्रिलमध्ये मीटर ठेवला, मालकांना ‘जरा बंद ठेवा’ एवढेच सांगितले आणि तीन दिवसांनी चाळीसचा आकडा पाहून खूश होऊन इसार दिला. राहायला गेल्यावर आषाढात, आठवडाभराच्या झडीत खिडक्या लावून बसलो असताना सहज मीटर चालू केला, तर तो अडीचशेच्या पुढे गेला. मग एप्रिलमधल्या नोंदी पुन्हा काढून पाहिल्या. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास आकडा धाडकन खाली येत होता. त्या घरातल्या आजींना भेटून विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “दिवे लागायच्या वक्ताला दार कोण लावून बसतंय? लक्ष्मी कुठनं येणार मग?” चूक त्यांची नव्हतीच, मी विचारायला हवे होते.

तेव्हापासून माझे काही हट्ट आहेत. शक्यतो घर रिकामे असतानाच मोजावे. माणसे राहत असतील तर ये-जा करू द्यावी, पण दार लगेच लावून घ्यायला सांगावे. दिव्याच्या वेळी दार उघडायचेच असेल तर दिवा दाखवून होईपर्यंत उघडावे आणि पुन्हा लावावे. सकाळी सडा घालायला उघडलेले मागचे दार दोन तास तसेच राहते, त्याची वेगळी आठवण करून द्यावी. छताचा पंखा चालेल, मात्र बाहेरची हवा आत घेणारा किंवा आतली बाहेर फेकणारा पंखा बंद हवा. प्रत्येक खिडकीच्या फटीवर मी कागदाची पट्टी चिकटवतो आणि तिच्यावर पेन्सिलीने तारीख घालतो. पट्टी फाटलेली दिसली की मोजणी रद्द. कमीत कमी ४८ तास मोजावे, आणि जमले तर चार दिवस. सरासरीवर कधीच थांबू नये, तासांचा आलेख पाहावा: बंद घरात आकडा साधारणपणे रात्री चढतो, पहाटे सर्वाधिक असतो आणि दुपारी उतरतो. हा चढ-उतार न दिसता मध्येच कडा तुटल्यासारखा आकडा पडला असेल, तर कोणीतरी दार उघडले होते असे समजावे.

ऋतू निवडता येत असेल तर पावसाळा किंवा थंडी निवडावी. घरे तेव्हा आपोआप बंद राहतात, शिवाय पावसाने भिजलेली भोवतालची जमीन वायूला वर येऊ देत नाही आणि तो घराखालच्या कोरड्या मातीची वाट धरतो. एप्रिल-मेमध्ये आलेल्या कमी आकड्यावर मी आता विश्वास ठेवत नाही. उन्हाळ्यातच व्यवहार करायचा असेल, तर मोजणीसाठी घर बंद ठेवून देण्याची अट करारात लिहून घ्यावी.

आकडा १०० च्या आत असेल तर निर्धास्त घ्यावे. १०० ते ३०० मध्ये असेल तर घर सोडण्याचे कारण नाही, पण राहायला गेल्यावर वर्षभराची सरासरी काढावी. ३०० च्या वर असेल तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. भेगा बुजवणे ही सुरुवात झाली, नुसत्या त्याने भागत नाही. फरशीखालून छतावर नेलेला पाइप आणि त्याला सतत चालणारा लहान पंखा, हाच खात्रीचा उपाय. एअर प्युरिफायर हा वायू काढत नाही, विकणारा काहीही सांगो.

माझ्या घरी मागाचा खड्डा उकरून त्यात खडी भरली, वर जाड प्लास्टिक अंथरून काँक्रीट घातले आणि खडीतून चार इंची पाइप पत्र्याच्या वर काढला. पुढच्या आषाढात त्याच खोलीत, त्याच फळीवर, खिडक्यांना पट्ट्या लावून पुन्हा चार दिवस मोजले तेव्हा आकडा साठच्या आसपास होता.