बरोक शिकताय? आधी खालची ओळ ऐका

बरोक म्हणजे युरोपच्या शास्त्रीय संगीताचा एक काळ. पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेड परीक्षेच्या तयारीत त्याची ओळख होते ती एका चौकटीतून. काळ साधारण १६०० ते १७५०, संगीतकार मोंतेवेर्दी, पर्सेल, विवाल्दी, बाख, हँडेल, वाद्य हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं तारवाद्य. चौकट पाठ करा, गुण मिळतील. पण तेवढ्याने बरोक ऐकू यायला लागत नाही, आणि हे वेळेवर कुणी सांगत नाही. मी लिहितेय ते आठवी ते दहावीतल्या अशा मुलामुलींसाठी, ज्यांना सरगम येते, पेटी किंवा कीबोर्डवर हात बसलाय, स्टाफ नोटेशन अडखळत का होईना वाचता येतं, आणि तरीही बाखचं पान समोर आलं की धडधडतं.

आपला कान गाणाऱ्याच्या मागे जातो. अभंग असो, नाट्यपद असो, ख्याल असो. गळा पुढे, तबला ठेका धरून, तानपुऱ्याचा सा जागच्या जागी. खाली काय चाललंय ते वेगळं ऐकायची वेळच येत नाही. याच सवयीने बरोक ऐकलं की वरची चाल तेवढी पकडली जाते आणि उरलेलं सगळं ‘साथ’ म्हणून सोडून दिलं जातं. मी इथेच अडकले आणि फार काळ अडकून राहिले. उजवा हात छान बसायचा, डावा कसाबसा ओढला जायचा, वाजवलेलं पोकळ वाटायचं आणि का ते कळायचं नाही. म्हणून हे एकच कलम मी लांबवणार आहे.

बरोकमध्ये खालचा स्वर चालत असतो, आणि वरच्या चालीचा अर्थ त्याच्या चालण्यावर ठरतो. या खालच्या ओळीला बासो कोन्तिनुओ म्हणतात. चेलो किंवा बासून नावाचं फुंकवाद्य वाजवणारा ती ओळ वाजवतो. हार्पसिकॉर्ड, ऑर्गन किंवा थिऑर्बो नावाचा लांब मानेचा ल्यूट वाजवणारा तीच ओळ बघून तिच्यावर कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरांचे गट, भरतो. त्याच्यापुढे कॉर्ड लिहून ठेवलेले नसतात; बेसच्या स्वरांपाशी ६, ७ असे आकडे असतात, म्हणजे त्या स्वरापासून सहावा, सातवा स्वर घ्यायचा. किती दाट भरायचं, कुठे मोकळं सोडायचं, हे तो वाजवता वाजवता ठरवतो. ज्यांनी गायकाला पेटीवर साथ केली आहे त्यांना ही जबाबदारी लगेच कळेल. आकडे शिकायची घाई मात्र करू नका. ते पुढे येतात, आणि खालची ओळ आधी कानात असली तर सोपे जातात.

आता पेटी घ्या. पाखेल्बेलचा डी मेजरमधला कॅनन तुम्ही ऐकलेला असणारच, लग्नाच्या व्हिडिओत तरी. पांढरी दोनचा सा धरा आणि संथ वाजवा: सा, मग मंद्रातले प, ध, ग, म, सा, म, प. सगळे शुद्ध. झाला चेलोचा भाग. पूर्ण रचनेत खाली दुसरं काहीही नाही. हेच आठ स्वर अठ्ठावीस वेळा. वर तीन व्हायोलिन एकच चाल एकेक आवर्तन मागे राहून वाजवतात: पहिल्याने आत्ता वाजवलेलं पुढच्या आवर्तनात दुसरं वाजवतं, त्याच्या पुढच्यात तिसरं. ध्वनिमुद्रण लावा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त हे आठ स्वर म्हणा. कान वर पळेल, परत खाली आणा. पुन्हा पळेल. हे कंटाळवाणं आहे आणि याला पर्याय नाही.

एक अडचण येईल ती आधीच सांगते. जुन्या पद्धतीच्या वाद्यांवरची ध्वनिमुद्रणं बहुतेकदा ४१५ हर्ट्झवर लावलेली असतात, आजच्या ४४० पेक्षा साधारण अर्ध्या स्वराने खाली. पेटी जुळेना म्हणून तुमचा कान कच्चा ठरत नाही. पांढरी दोनऐवजी काळी एकचा सा घ्या, जुळेल.

पाखेल्बेल जमला की पर्सेल. त्याचा ‘डायडो अँड इनियस’ हा ऑपेरा १६८९ च्या सुमारास लंडनजवळच्या चेल्सीत मुलींच्या एका शाळेत झाला होता, म्हणजे तुमच्या वयाच्या मुलींनी तो गायलेला आहे. शेवटी नायिका डायडो मरणापूर्वी गाते. ती तोंड उघडण्याआधी बेस एकटा वाजतो: सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प, आणि मग कोमल ग, म, प करत पुन्हा सा. पाच मापांचं हे आवर्तन शेवटपर्यंत चालू राहतं. गायिकेची ओळ मात्र त्याच्याबरोबर संपत नाही. आवर्तन सुरू झालेलं असतं आणि तिचं वाक्य अजून चाललेलं असतं. ‘माझी आठवण ठेव’ हे शब्द ती प वर, एकाच स्वरावर परत परत म्हणते. वरची ओळच ऐकणाऱ्याला वाटेल, यात काय आहे? पण वर ती एका स्वराला धरून राहिली आहे आणि खालून पायाखालचा आधार अर्ध्या अर्ध्या स्वराने निघून चालला आहे. मला इतक्या वेळा ऐकूनही तिथे भरून येतं. फक्त चालीवर प्रेम करणाऱ्यांना हे मिळत नाही, आणि मला त्याची खरंच हळहळ वाटते.

वाजवताना काय करायचं? बाखच्या दोन ओळींच्या पंधरा इन्व्हेन्शन्स, म्हणजे सरावासाठीच्या छोट्या रचना, घ्या. १७२३ च्या प्रतीवर त्याने स्वतः लिहून ठेवलंय की शिकणाऱ्यांना दोन आवाज स्वच्छ वाजवता यावेत आणि गाता गळा वाजवण्यात उतरावा, म्हणून त्या केल्या आहेत. डावा हात एकटा बसवा, मुखपाठ होईपर्यंत. मग डावा वाजवत उजव्याची ओळ गा. मग उलट. हे झाल्याशिवाय दोन्ही हात एकत्र आणू नका. परीक्षा जवळ आली तरी नाही. जी मेजरमधला प्रसिद्ध मिन्युएट (एका नाचाच्या चालीची रचना) बसवायचा असेल तर तोही याच पद्धतीने. तो बाखच्या घरातल्या वहीत सापडला म्हणून बाखचा समजला जातो, पण आहे क्रिस्तियान पेट्झोल्डचा.

रंगीत पट्ट्या वरून खाली पडतात आणि आपण तिथे बोट दाबायचं, असे व्हिडिओ मला अजिबात मान्य नाहीत. बोटं शिकतात, कान कोरा राहतो, आणि व्हिडिओ बंद झाला की हातात काही उरत नाही. नोटेशनवर पेन्सिलीने सा रे ग लिहिणं त्यामानाने बरं, पण डाव्या हाताला आधी लिहा. ‘अभ्यासासाठी शांत बरोक’ असल्या तासनतासाच्या याद्या लावून गणितं सोडवू नका; दुर्लक्ष करायची सवय लागेल, आणि तीच तर मोडायची आहे. शिक्षक निवडायची संधी मिळाली तर महिनोन् महिने डावा हात एकटा वाजवून घेणाऱ्यांकडे जा. त्यांचा राग येईल. जे वर्षभर परीक्षेचे तेवढेच तीन तुकडे घोटून घेतात, त्यांच्याकडे प्रमाणपत्र मिळतं.

घरी पियानो नाही म्हणून खट्टू होऊ नका. बाख पियानोसाठी लिहीतच नव्हता म्हटलं तरी चालेल. क्रिस्तोफोरीने फ्लोरेन्समध्ये पियानो घडवला तो १७०० च्या आसपास, आणि तो रुळायला पुढे बरीच वर्षं गेली. हार्पसिकॉर्डची तार छेडली जाते, जोरात दाबलं म्हणून आवाज वाढत नाही. तुमच्या साध्या कीबोर्डची हीच उणीव इथे अडत नाही. वजन द्यायचं ते स्वर किंचित लांबवून, थांबून, अलंकार घालून. आणि ट्रिल, म्हणजे लगतचे दोन स्वर झरझर आलटून पालटून वाजवणं, बहुधा वरच्या स्वरापासून सुरू करा, परीक्षक ते पाहतात.

विवाल्दीचे ‘चार ऋतू’ मी मुद्दाम शेवटी ठेवलेत, कारण ते सगळ्यात आधी आवडतात आणि सगळ्यात वरवर ऐकले जातात. १७२५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला छापले गेले तेव्हा प्रत्येक ऋतूबरोबर एक सुनीत होतं. ‘वसंत’च्या मधल्या भागात धनगर झोपलाय, व्हायोलिन पानांसारखी सळसळतात आणि व्हायोला त्याच्या कुत्र्याचं भुंकणं वाजवतो, सतत, जोरात. इथे चेलो आणि हार्पसिकॉर्ड गप्प आहेत. पाखेल्बेल आणि पर्सेल मनापासून केले असतील तर हा भाग लावल्यावर, मी सांगितलं नसतं तरी, बेस कुठे गेला म्हणून तुम्ही शोधायला लागला असता.