व्हेंटिलेटर काढताना या चुका टाळा

सांगली-मिरजेच्या कुठल्याही आयसीयूबाहेर नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, श्वासाची नळी कधी काढणार?" उशीर होतो तो पुष्कळदा आपल्या आयसीयूवाल्यांमुळे.

रात्रपाळीत पेशंट हलला की मिडाझोलम हे झोपेचं औषध वाढवलं जातं. सकाळी ते उतरवायचं कुणाच्या लक्षात राहत नाही आणि राउंडला "अजून जागा झालेला नाही, उद्या बघू" म्हणून विषय संपतो. फिट्स, मेंदूवरचा दाब असं कारण नसेल तर झोपेचं औषध रोज सकाळी थांबवा आणि लगेच श्वासाची चाचणी घ्या, म्हणजे मशीनचा आधार कमी करून पेशंट स्वतः श्वास घेतो का ते बघा. ही जोडी लावली की पेशंट लवकर सुटतो, हे २००८ मध्येच सिद्ध झालंय.

एसआयएमव्हीवर (मशीन ठरलेले श्वास देतं, मधले पेशंट स्वतः घेतो) ठेवून रोज मशीनच्या श्वासांचा रेट थोडा थोडा उतरवायची जुनी सवयही सोडा. वीनिंगचा, म्हणजे मशीन सोडवण्याचा, सगळ्यात लांबचा रस्ता तोच. ऑक्सिजन ४० टक्क्यांपर्यंत उतरलेला, पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) ५ ते ८, बीपी स्थिर, एवढं जमलं की प्रेशर सपोर्ट (श्वास घेताना मशीनचा दाबाचा आधार) ५ ते ८ ठेवून अर्धा तास बघा. श्वास मिनिटाला ३५ च्या वर गेला, घाम फुटला, तर थांबा. त्याच दिवशी पुन्हा ताणू नका. पुरेसा सपोर्ट देऊन दमलेल्या स्नायूंना विश्रांती द्या आणि कारण शोधा: अंगात साठलेलं पाणी, कमी फॉस्फेट, हृदय. सीओपीडीवाल्याचा (फुप्फुसाचा जुनाट दम्यासारखा आजार) रक्तातला कार्बन डायऑक्साइड एरवीच ५५ असेल, तर तो ४० वर आणायच्या नादी लागू नका. नळी काढल्यावर तो पुन्हा चढणारच.

खरी फसगत होते ती शेतीचं औषध (ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशक) प्यायलेल्या पेशंटमध्ये. आपल्या द्राक्षपट्ट्यात असे पेशंट नेहमीचे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाळ आटते, विषावर दिलेलं अ‍ॅट्रोपिन उतरतं, पेशंट डोळे उघडून हातवारे करतो, चाचणीही पास होतो. नळी काढतो आणि संध्याकाळपर्यंत श्वास उथळ. हा इंटरमीडिएट सिंड्रोम. विष घेतल्यावर साधारण २४ ते ९६ तासांत मानेचे, खांद्याचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात. अ‍ॅट्रोपिनचा इथे उपयोग नाही. म्हणून नळीला हात लावण्याआधी पेशंटला उशीवरून डोकं उचलायला सांगा आणि मनात पाच मोजा. डोकं लगेच पडलं, तर चाचणीचे आकडे कितीही छान असोत, थांबा. मण्यार चावलेल्याला पापण्या उचलून धरता येतात का, तेही असंच बघा.

चाचणी पास म्हणजे नळी निघाली, असं नव्हेच. खोकल्यात जोर आहे का? सक्शन (नळीतून बेडका ओढून काढणं) दर तासाला लागतंय का? बरेच दिवस नळी असेल तर नळीचा फुगा (कफ) रिकामा करून हवा बाजूने गळते का ऐका. गळत नसेल तर घशात सूज असू शकते, म्हणून नळी काढायच्या किमान चार तास आधी स्टिरॉइड द्या.

म्हातारा, हृदयरोगी, सीओपीडीवाला असेल तर नळी काढल्या काढल्या एनआयव्ही (नळीशिवाय, मास्कने मशीनचा आधार) लावा, धाप लागायची वाट बघू नका. त्यावरही थकत चालला तर नळी परत घाला. "आत्ताच तर काढली, नातेवाईक काय म्हणतील" या संकोचात गेलेले तास पेशंटला महागात पडतात.