आल्प्समधलं जलविद्युत केंद्र आतून पाहायचं तर

सर्वांत आधी एक गोष्ट नक्की करा: तुम्हाला धरणाची भिंत पाहायची आहे की वीज बनवणारी यंत्रं? आल्प्समध्ये या दोन जागा बऱ्याचदा एकमेकींपासून कित्येक किलोमीटर लांब असतात. स्वित्झर्लंडमधल्या ग्रांड डिक्सॉन्सची 285 मीटर उंच भिंत डोंगरात वर, आणि तिच्या पाण्यावर चालणारं ब्यूड्रॉनचं वीजघर पार खाली रोन नदीच्या खोऱ्यात. भिंतीच्या सहलीचं तिकीट काढून टर्बाइन शोधणाऱ्यांची निराशा ठरलेली. बुकिंग करतानाच ‘आत नेमकं काय दाखवणार?’ हे विचारून घ्या.

उंचावरच्या सहली साधारण जून ते सप्टेंबर चालतात. एरवी रस्ते बर्फाखाली असतात. हिवाळाभर वीज काढून तलाव वसंतात तळाला जातात आणि बर्फ वितळेल तसे पुन्हा भरतात. म्हणून काठोकाठ पाणी हवं असेल तर ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबर गाठा. जूनमध्ये बऱ्याचदा उघडा पडलेला राखाडी काठच जास्त दिसतो. ऑस्ट्रियातल्या काप्रूनला 2036 मीटरवरच्या मोझरबोडन तलावापर्यंत जायला बस, मग उतारावरची उघडी लिफ्ट, मग पुन्हा बस. त्यामुळे सकाळीच निघा आणि खाली येणाऱ्या शेवटच्या बसची वेळ आधी लिहून ठेवा.

भिंतीच्या आतल्या गॅलरीत, म्हणजे तपासणीच्या बोगद्यात, ऐन उन्हाळ्यातही फ्रिजसारखी थंडी असते. जाकीट आणि न घसरणारे बूट हवेतच. बाहेर पडल्यावर गार कॅमेऱ्यावर लगेच वाफ धरते. दहा-पंधरा मिनिटं तो पिशवीतच राहू द्या.

गॅलरीत लोलक दाखवायला सांगा. वरून खाली सोडलेल्या तारेला वजन टांगलेलं असतं. पाणी चढलं की भिंत किंचित झुकते आणि तारेच्या जागेवरून तो फरक मिलिमीटरमध्ये वाचता येतो. बाजूच्या नालीतून पाणी वाहताना दिसलं तर घाबरू नका. प्रत्येक भिंत थोडी पाझरतेच, ते पाणी रोज मोजतात. काळजी करायची ती आकडा अचानक वाढला तर.

वीजघरात एक ढोबळ हिशेब कामी येतो: सेकंदाला घनमीटर × उंचीचे मीटर × 8 = अंदाजे किलोवॅट. ब्यूड्रॉनला उंचीतला फरक 1883 मीटर आणि प्रत्येक टर्बाइनला सेकंदाला 25 घनमीटर पाणी. उत्तर 3,76,600 किलोवॅट, म्हणजे सुमारे 377 मेगावॅट येतं. प्रत्यक्षात एक यंत्र 423 मेगावॅटचं आहे, कारण 8 हा आकडा मुद्दाम हात राखून धरलेला. तिथला पाण्याचा दाब 180 बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण 180 पटीच्या, पुढे जातो. डिसेंबर 2000मध्ये या केंद्राकडे येणारी जलवाहिनी फुटून तीन माणसं गेली आणि केंद्र 2010पर्यंत बंद राहिलं.

हॉलमध्ये जुनं पेल्टन चाक (कडेला वाट्या लावलेलं टर्बाइनचं चाक) ठेवलेलं असेल तर त्याच्या वाटीच्या मधल्या धारेवर बोट फिरवा. हिमनदीच्या पाण्यातली बारीक क्वार्ट्‌झची वाळू नेमकी तीच धार खाते. खडबडीत लागली, की गाळ बसवायच्या टाक्यांवर एवढा खर्च का करतात ते विचारावं लागत नाही.

यंत्र बंद दिसलं तर ते बिघडलंय असं समजू नका. विजेचा भाव पडला की उदंचन केंद्रं टर्बाइन थांबवून उलट पाणी वर चढवतात, आणि सौर वीज मुबलक असते तेव्हा, म्हणजे भर दुपारी, हे बऱ्याचदा होतं. फिरतं टर्बाइनच पाहायचं असेल तर सकाळची वेळ मागा. खात्री मात्र कुणीच देणार नाही.

पेसमेकर असेल तर आधीच कळवा, जनित्राजवळ चुंबकीय क्षेत्र असतं. कंट्रोल रूमचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.